चहा ठेव, आलोच

दासगाव
४ जून २०२५

राजनंदिनी,

तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस, म्हणून पत्र लिहिते. हॉस्टेलचा पत्ता तुमच्या शेजारच्या तुळसाकडून घेतला. तिच्यावर रागावू नकोस, मी फार मागे लागले होते.

काम सांगते. माझं पुस्तक येणार आहे. नऊ कथांचं. पुण्यातल्या प्रकाशनाने घेतलंय. तिथल्या संपादक प्रियदर्शिनीताईंनी सगळ्या कथा पेन्सिल घेऊन वाचल्या आणि दुरुस्तीसाठी परत पाठवल्या. त्यात ‘साकव’ही आहे.

हे नाव वाचून तू पत्र फाडलं नसशील तर पुढचं वाच. दिवाळी अंकात ती कथा छापून आली तेव्हा तू फोन केला होतास. ‘तुला गोष्ट मिळाली, नौशीन. माझ्या आईला काय मिळालं?’ एवढं बोलून ठेवून दिलास. त्याला आता दीड वर्षाच्या वर झालं. तेव्हा मला उत्तर द्यायला मिळालं नाही, ते आज देते. मी नावं बदलली होती. तुझ्या भावाचा, यशराजचा, अविनाश केला. कापडे हे गावाचं नाव कुठेही घेतलं नाही. कथेतली आई मुलाला गुडघ्याच्या गोळ्या आणायला पाठवते आणि परत येताना पुराच्या पाण्यात मोटारसायकलसकट तो ओढ्यावरच्या अरुंद साकवावरून वाहून जातो. यशराजच्या खिशात गोळ्यांची पट्टी सापडली होती, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. मी पदरचं काही घातलं नाही. लेखकाने जे दिसतं त्यातूनच लिहायचं असतं.

प्रियदर्शिनीताईंनी पावसाची सगळी विशेषणं खोडली आहेत. ‘धुवाधार’, ‘रौद्र’, ‘उन्मत्त’, सगळी. तू असतीस तर ती आधीच खोडली असतीस. बारावीपासून माझी एकही कथा तुझ्या हाताखालून गेल्याशिवाय पूर्ण झाली नव्हती. तू वाक्य तोडून दाखवायचीस, मी दोन दिवस रुसायचे आणि तिसऱ्या दिवशी तुझं ऐकायचे. ‘साकव’ ही पहिलीच कथा मी तुला न दाखवता पाठवली. त्यामुळेच ती कच्ची राहिली असेल.

ताईंचे बाकीचे शेरे कळले. एकच नीट कळला नाही. मुलगा घरातून निघतो त्या परिच्छेदाशेजारी त्यांनी लिहिलंय, ‘गुडघ्याच्या गोळ्या एक दिवस थांबू शकतात. त्या दिवशी काय थांबू शकत नव्हतं?’

तू एकदा वाचून सांगशील का? कथेपुरतं. बाकी काही बोलू नकोस हवं तर.

नौशीन


दासगाव
२२ जून २०२५

राजनंदिनी,

उत्तर नाही आलं. येईल असं वाटलं नव्हतंच.

प्रश्न माझा मीच सोडवला. कथेतल्या आईला गुडघ्याऐवजी हृदयाचा आजार दिला. गोळी चुकली तर जिवावर बेतेल असा. आता मुलाला त्या पावसात निघावंच लागतं. सात पानं नव्याने लिहिली. आईच्या तोंडचं ‘बाळा, जपून जा’ काढलं. कापड्यात असं कोण बोलतं? शेवटचा परिच्छेद, ज्यात ती गोळ्यांची पट्टी छातीशी धरून बसते, तो पूर्ण उडवला. उडवल्यावर कथा सरळ उभी राहिली. शाळेत मुलांचे निबंध तपासताना मी हेच सांगते, शेवटी उपदेश नको, शेवटी रडारड नको. स्वतःवर वेळ आली की जड जातं.

परवा ताईंचा फोन आला. म्हणाल्या, “आता कारण पटतं. बांधणी घट्ट झाली.” मी शाळेच्या व्हरांड्यात उभी होते, इतका आनंद झाला की दुसऱ्या तासाची घंटा ऐकू आली नाही.

मग त्या म्हणाल्या, “पण नौशीन, आई मला अजून दिसत नाही. ही बाई तुम्ही प्रत्यक्ष पाहिली आहे का?”

मी म्हटलं, “हो. त्यांच्या हातचं जेवले आहे.”

“मग मुलगा निघाला तेव्हा ती नेमकं काय करत होती, तेवढं लिहा. काय बोलली ते नको. हात कशात होते ते लिहा.”

फोन ठेवल्यावर बराच वेळ मी कोरा कागद घेऊन बसले. तुझ्या आईचे, काकींचे हात मला चांगले आठवतात. पण त्या दिवशी ते कशात होते, हे लिहायला घेतलं की पेन पुढे जात नाही. म्हणून ठरवलंय, येत्या रविवारी कापड्याला जाऊन येईन. तुला विचारून जायला हवं, पण तू उत्तर देत नाहीस.

नौशीन


दासगाव
३० जून २०२५

नंदू,

काल जाऊन आले. महाडहून पोलादपूर आणि तिथून वडापच्या जीपने कापडे. साकवाच्या जागी आता रुंद पूल झाला आहे, दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे. खाली पऱ्याला गढूळ पाणी होतं. जीप न थांबता निघून गेली.

काकी पडवीत भाजणीचं धान्य निवडत बसल्या होत्या. मला वाटलं होतं, हाकलतील. त्यांनी पाट सरकवला. “ये गो. लय दिसांनी आलीस. नंदूशी भांडलीस नं तू?”

मी पाटावर बसले. कुशाबाकाका गोठ्याकडून आले, माझ्याकडे बघून मान हलवली आणि काकींच्या समोरून तसेच गेले. काकींनी विचारलं, “भाकरी वाढू?” त्यांनी ऐकलंच नाही असं केलं. तुळसाने मला नंतर सांगितलं की दीड वर्षाच्या वर झालं, काका त्यांच्याशी बोलत नाहीत. दिवाळी अंक गावात आला तेव्हा तिनेच तुमच्या अंगणात ती कथा वाचून दाखवली होती, कौतुकाने. आपल्या नौशीनने लिहिलीय म्हणून. कथा संपल्यावर तुझी गीताआत्या म्हणाली, “मी बोलतच व्हते. हिनंच धाडला पोराला.” तेव्हापासून.

तू हे जाणत होतीस. मला काल कळलं.

मग काकी आपणहूनच बोलायला लागल्या. हात निवडण्यात होते, नजर सुपात. त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहिते.

“मीच धाडला गो त्याला. गुडगं लय धरलं व्हतं त्या दिवशी. मी बोलले, गोळ्या संपल्या रे. पोरगं उठलं, गाडी काढली. दारात वळलं नि बोल्लं, चहा ठेव, आलोच. मी ठेवला पन व्हता. ततंच बसले वाट बघत. चहा उतू गेला, तरी मला सुद नाय.”

नंदू, त्यांना हे दिसत होतं. दार, गाडी, त्याचं वळणं, सगळं डोळ्यांसमोर होतं. सांगताना त्यांचा आवाज मऊ झाला होता. ‘चहा ठेव, आलोच’ म्हणताना त्या चक्क किंचित हसल्या.

ते वाक्य ‘साकव’साठी मी लिहिलेलं आहे. दासगावच्या घरात, खिडकीजवळच्या टेबलावर. निरोपाचं काहीतरी साधं वाक्य हवं होतं. चार वाक्यं लिहून खोडली आणि हे ठेवलं. उतू गेलेला चहासुद्धा माझाच.

काकी त्या दिवशी घरात नव्हत्या. भाताच्या लावणीला खाचरात होत्या. तिसऱ्या दिवशी मी अम्मीबरोबर तुमच्याकडे आले तेव्हा त्या स्वतः ओरडून सांगत होत्या, “पोरगा कवा गेला ते बघितलं पन नाय मी, चिखलात व्हते गो.” मी ते या कानांनी ऐकलं आहे. आणि काल त्याच बाई मला सांगत होत्या की मीच धाडला.

मी तिथेच बोलायला हवं होतं. काकी, तुम्ही खाचरात होतात, एवढं एक वाक्य. मी त्यांनी दिलेला चहा प्यायले आणि साडेचारच्या गाडीने परत आले.

नौशीन


दासगाव
३ जुलै २०२५

नंदू,

पहिल्या पत्रात मी लिहिलं की मी पदरचं काही घातलं नाही. आणि असंही लिहिलं की ताईंचा प्रश्न कळला नाही. दोन्ही खोटं होतं. प्रश्न वाचला तेव्हाच तो कळला होता.

त्या दिवशी काय थांबू शकत नव्हतं ते मला माहीत आहे. माझं पाकीट.

कथास्पर्धेची आठवण आहे ना? बावीस जुलै ही शेवटची तारीख होती, प्रवेशिका मुंबईला टपालानेच हवी होती. तू नर्सिंगच्या क्लाससाठी पुण्याला गेलीस त्याआधी माझी कथा तपासून, तुझ्या अक्षरात पूर्ण उतरवून ठेवली होतीस. ती प्रत कापड्याला तुझ्या फळीवर होती. मी येऊन नेणार होते. मग पाऊस लागला, आज जाऊ उद्या जाऊ करत राहिले. एकोणीस तारखेला सकाळी मी तुमच्या घरी फोन केला. यशराजने घेतला. त्याला म्हटलं, ती प्रत पाकिटात घालून आजच पोलादपूरहून पाठव.

कच्ची प्रत माझ्याकडे होती. तीच उतरवून इथून, दासगावातून पाठवता आली असती. पण तिच्यात तुझ्या सुधारणा नव्हत्या. तू मधली अख्खी दोन पानं काढली होतीस आणि शेवट बदलला होतास. मला आठवून तसं लिहिता येईना. मला तीच प्रत जायला हवी होती, कारण ती माझ्यापेक्षा चांगली होती.

तो म्हणाला, “ताई, साकवावर पाणी चढायला लागलंय. उद्या टाकली तर?”

मी म्हटलं, “उद्या टाकली तर मुंबईला पोहोचणार नाही रे. आत्ता चढलेलं नाही ना? मग लवकर जा आणि लवकर ये.”

हे मी बोलले. नंदू, हे मी आजपर्यंत कुणालाही सांगितलं नाही.

त्याने पोलादपूरला जाऊन स्पीड पोस्ट केलं आणि सव्वातीनला मला तिथून फोन केला. तो फोन शेवटचा ठरला. त्याचा मोबाइल वाहून गेला, टपालाची पावतीही गेली असणार. खिशात राहिली ती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली गोळ्यांची पट्टी. लोकांनी त्यावरून जे समजायचं ते समजलं. मी गप्प राहिले. तू मला कधी विचारलंही नाहीस की फळीवरची ती पानं कुठे गेली. तुझ्या डोक्यात तेव्हा पानं कुठून येणार?

मी घाबरले होते. मोहल्ल्यातल्या पोरीचा कापड्याच्या पोराला फोन, आणि तो तिच्या कामासाठी गेला नि मेला. लोकांनी याचं काय केलं असतं, तूच सांग. तो मला ताई म्हणायचा, हे कुणी ऐकलं असतं? अब्बा कुवेतला. घरात मी आणि अम्मी. हे कारण खरं आहे. पण पुरतं खरं नाही. गप्प राहणं मला सोपं गेलं, हे त्याहून खरं आहे.

गप्पच राहिले असते तर एक वेळ ठीक. पण मला ते लिहावंसं वाटायला लागलं. रोज. आणि लिहायला बसले की निघण्याचं कारण लागायचं. मग मी माझ्या जागी तुझी आई बसवली. कथा बरी जमली, छापून आल्यावर तिला बक्षीसही मिळालं. गेल्या महिन्यात ती आणखी सुधारली, त्यात आईला हृदयरोग दिला. म्हणजे खोटं अधिक पटेल असं केलं आणि त्याची शाबासकी घेतली.

ज्या स्पर्धेसाठी तो गेला, तिच्या निकालात माझ्या कथेचा साधा उल्लेखही नव्हता. तुला हे कळायला हवं असं वाटलं.

काकींना सांगायचंय. पण एक भीती वाटते. सांगितलं तर त्यांच्यावरचा आळ जाईल, पण ते दारातलं वळणंही जाईल. मुलाचं शेवटचं बोलणं म्हणून त्यांच्याजवळ तेवढंच आहे. ते खोटं आहे हे सांगण्याचा हक्क मला आहे का? आणि न सांगण्याचा तरी कुठे आहे?

आधी अम्मीला सांगते.

नौशीन


दासगाव
१४ जुलै २०२५

नंदू,

अम्मीला सांगितलं तेव्हा ती मासे साफ करत होती. हात धुऊन आली, समोर बसली आणि सगळं ऐकलं. मारेल असं वाटलं. म्हणाली, “तीन वर्षं माझ्या शेजारी झोपतेस आणि हे पोटात ठेवून झोपतेस?” मग जरा वेळाने, “अब्बाला मी सांगेन. तू त्या बाईकडं चल. एकटी नाय जायचंस, मी पण येते. पोर माझी हाय.”

काल गेलो. जीपमध्ये बुरख्यातल्या दोन बायका बघून एकाने विचारलं, कापड्यात कुणाकडे? अम्मी काकींचं नाव घेऊन म्हणाली, “बनुबाईकडं. दुखवट्याचं राहिलंय.”

काकींनी आम्हाला आत बसवलं. मी एका दमात सांगितलं. फोन, पाकीट, साकवाचं पाणी, माझं ‘लवकर जा’. कथा मी कशी रचली तेही. काकी माझ्याकडे बघत राहिल्या. मधेच अम्मीकडे बघितलं, ही खरं बोलते ना, अशा नजरेने. अम्मीने मान खाली घातली.

“म्हंजे मी खाचरात व्हते?”

“हो काकी. तुम्हीच तेव्हा सांगत होतात.”

“मी धाडला नाय त्याला?”

“नाही.”

“नि चहा?”

“चहा मी लिहिला.”

त्या उठल्या, आत गेल्या. चुलीजवळ उभ्या राहिलेल्या दिसत होत्या, पाठमोऱ्या. अम्मीने माझा हात धरून ठेवला होता, मी उठून पळेन की काय म्हणून. मग काकी बाहेर आल्या आणि माझ्या अगदी समोर येऊन उभ्या राहिल्या.

“खोटं घेतलंस, आता खरं दे. तो काय बोल्ला शेवटचं?”

मला ते पाठ आहे. तीन वर्षांत रोज म्हटलं आहे. मी म्हटलं, “तो म्हणाला, ताई, पाकीट टाकलं. पावती जपून ठेवलीय. आईच्या गोळ्या संपत आल्यात, आलोच हाय तर त्या घेतो नि निघतो.”

“गोळ्या मी सांगितल्या नव्हत्या?”

“तुम्ही खाचरात होतात, काकी. त्याचं त्यालाच आठवलं.”

“परत बोल.”

मी परत म्हटलं. त्यांनी तीनदा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. मग त्या खाली बसल्या आणि रडल्या. मी जवळ जायला लागले तर हात झटकला. म्हणाल्या, “तू लांबच रव. तुझा राग येतोय मला. लय येतोय. पोर माझं गेलं नि वर मलाच तू…” पुढचं बोलल्या नाहीत.

थोड्या वेळाने पदराने तोंड पुसून त्यांनी काकांना हाक मारली. “अवं, इकडं या. ही काय बोलते ते ऐका. मग परत गप बसायचं तर बसा.”

काका दारात उभे राहून ऐकत होते. मी परत सगळं सांगितलं. पहिल्यांदा सांगण्यापेक्षा हे जड गेलं. त्यांनी एकच विचारलं, “किती वाजता बोल्ला तो?”

“सव्वातीनला.”

ते चौकटीला टेकले. “मी बाजारात व्हतो तवा. पोलादपुरात. गाडीवर बसताना दिसला मला. मी हात केला. त्यानं पन केला.” मग उंबऱ्याकडे बघत म्हणाले, “थांब, आता पानी वाढलंय, मावशीकडं रव आज, असं बोलायचं व्हतं. नाय बोल्लो. वाटलं, जाईल.”

काकी त्यांच्याकडे वळल्या. “नि मला सांगितलंत नाय? सगळी मला बोलत व्हती, तुमची बहीन बोलत व्हती, नि तुमी गप?”

काका तिथेच उंबऱ्याशी बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर टाकून. काकी उठून आत गेल्या, पण दार लोटलं नाही.

नंदू, तुझ्या घरातलं हे मी तुला कळवतेय, आणि हेही मी आता लिहूनच काढतेय, हे मला कळतं. पण तुला माहीत नसलेलं काही माझ्याजवळ ठेवून मला परत राहायचं नाही. येताना गीताआत्यांच्या दारात गेले. पुरतं ऐकून न घेता त्यांनी दार लावलं. तुळसाला सांगितलं, तिने डोक्याला हात लावला. म्हणाली, जिथे वाचली तिथेच आता हेही सांगेन.

आज सकाळी प्रियदर्शिनीताईंना फोन करून ‘साकव’ काढायला सांगितली. कारणही सांगितलं. त्या म्हणाल्या, “जे मला आता सांगितलंत ते लिहिलंत तर फार मोठी कथा होईल, नौशीन.” होईलही. मला तो मोह झाला, तुझ्यापासून लपवत नाही. फोनवर बोलता बोलताच मनात पहिलं वाक्य तयार झालं होतं. पण ते मी लिहून ठेवलेलं नाही. आठ कथांचं पुस्तक येईल. दिवाळी अंकात जे छापलं गेलं ते माझ्या नावावर राहणारच.

माफी मागत नाही. कशी मागायची ते समजत नाही आणि हे पत्र त्यासाठी नाही.

आम्ही निघालो तेव्हा काकी पडवीपर्यंत आल्या. अम्मीला म्हणाल्या, “पुलापातूर बघून जावा, रस्ता निसरडा हाय.” माझ्याकडे बघितलं नाही. मी पायऱ्या उतरल्यावर मागून आवाज आला. “एकोनीसला त्याचा दिस हाय. तुला यायचं तर नंदूला इचारून ये. ती हो बोलली तरच ये.”

म्हणून विचारते. पाच दिवस आहेत. हे पत्र स्पीड पोस्टने टाकतेय. येऊ का?

नौशीन